आत काय आहे, ते बघू द्या



मागच्या पालकसभेनंतर सहावीतल्या एका मुलीच्या आई माझ्यासाठी थांबल्या होत्या. "बाई, हिला टॅब घ्यायचाय. हप्त्यावर मिळतोय. कुठला घेऊ?" मी विचारलं, घरात जुना लॅपटॉप पडलाय का? होता. कपाटात, गोधड्यांच्या खाली. सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो म्हणून ठेवून दिलेला. म्हटलं, टॅबचं नंतर बघू. शनिवारी तो लॅपटॉप आणि लेक, दोघांना घेऊन या.

शनिवारी आधी त्यातले फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून ठेवली. हे विसरू नका, नाहीतर बारशाचे फोटो कायमचे जातात. मग लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात दिला. आईंचा जीव खालीवर होत होता. मुलीने कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच्याच जागी ठेवत गेली. हे तिला मी सांगितलं नव्हतं. पंख्यावर धुळीचा जाड थर बसला होता. रंगकामाच्या कोरड्या ब्रशने तिने तो हलक्या हाताने झाडला, त्याच चित्रावरून सगळे स्क्रू परत बसवले. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे संगणक चालवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर, चालवून बघितलं. आतल्या फायलींना हात न लावता ते असं नुसतं चालवून बघता येतं, आणि पटलं तरच इन्स्टॉल करायचं. पैसे पडत नाहीत. पटलं, इन्स्टॉल केलं. लॅपटॉप मिनिटाभरात सुरू झाला, तेव्हा मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

पैसे वाचले याचा मला आनंद आहेच, पण माझ्या मनात आहे ते वेगळंच. आपल्या मुलांच्या हातात आज जी यंत्रं आहेत, ती जवळजवळ सगळी बंद पेट्या आहेत. फोनची बॅटरीसुद्धा गोंदाने चिकटवलेली असते. मूल रोज तासन्‌तास जी वस्तू वापरतं, तिच्या आत काय आहे हे त्याला एकदाही दिसत नाही. मग ते फक्त वापरायला शिकतं. आणि आपणही मुलाने फोन किती वेळ बघितला, एवढंच मोजत बसतो.

गंमत अशी की त्याच अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्सने 1991 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं. ओपन सोर्स म्हणजे एवढंच. केरळमध्ये सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं अशाच मुक्त प्रणालीवर चालताहेत.

आणि फार लांब कशाला, कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत 2007 साली मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले होते. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेतले. उन्हातही वाचता येईल असा त्यांचा पडदा होता. मला सर्वांत आवडतं ते हे, की त्यांच्या कीबोर्डवर एक खास बटण होतं. ते दाबलं की चालू असलेल्या प्रोग्रामची मूळ संहिता समोर यावी, अशी कल्पना. मूल लॅपटॉप उघडणारच आणि स्क्रू हरवणारच, हे धरून बनवणाऱ्यांनी जास्तीचे स्क्रूही आतच ठेवले होते. ती योजना ठरवली तेवढी पसरली नाही. तरीही मुलावर एवढा विश्वास टाकून बनवलेलं दुसरं यंत्र मी बघितलेलं नाही.

लिनक्स आलं म्हणून सगळं सुरळीत होईल, असं मी म्हणणार नाही. एखादा प्रिंटर रुसतो. क्लासचं एखादं सॉफ्टवेअर चालतच नाही, ते आधी विचारून घ्या. आणि व्हिडिओचं वेड त्यावरही तितकंच लागतं, तिथे तुम्हालाच शेजारी बसावं लागेल. पण लहानग्यांना चित्रं काढायला टक्स पेंट, मोठ्यांना कोडिंगसाठी स्क्रॅच, निबंध लिहायला लिबरऑफिस, हे सगळं फुकट आणि मध्ये जाहिराती न येता मिळतं. लिबरऑफिसचे मेनूही मराठीत करून घेता येतात.

त्या मुलीने तेच केलं. आठवड्याने वर्गाबाहेर मला गाठून म्हणाली, "बाई, यातले काही शब्द बरोबर वाटत नाहीत. कुणी लिहिलेत?" म्हटलं, तुझ्या-माझ्यासारख्या माणसांनी, आपला वेळ काढून. चांगला शब्द सुचला तर तूही कळवू शकतेस. काल तिने वही दाखवली. सात शब्द लिहून आणलेत. पाच मला पटले. उरलेल्या दोन शब्दांवर आज ती आणि तिचे बाबा शब्दकोश घेऊन बसणार आहेत.