वसतिगृहातील दाढीचे सामान

आमच्या वसतिगृहात आठ जणांमागे एक न्हाणीघर आणि त्यात फळी एकच. तिच्यावरचा कोणता रेझर कोणाचा, हे ओळखायला स्वतंत्र शास्त्रच हवे! थट्टा सोडली, तर या गोंधळात धोका आहे. दाढी करताना त्वचेला बारीक जखमा होतात. त्या डोळ्यांना दिसतही नाहीत, पण रक्ताचा अंश पात्याला लागतो. 'हिपॅटायटिस बी' या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. म्हणून नळाखाली धुतलेले पातेही निर्धोक नव्हे. तुरटीचा खडा तर थेट जखमेवरच फिरतो. 'मित्राचाच आहे' हा युक्तिवाद येथे लटका पडतो, कारण विषाणू बाळगणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. 'बी'वर लस आहे, 'सी'वर अजून नाही.

माझ्या मते हे सामान न्हाणीघरात ठेवूच नये. रेझर धुऊन पाणी झटकावे, ब्रश केस खाली करून टांगावा आणि सारे आपापल्या खोलीत, भोके पाडलेल्या डब्यात ठेवावे. बंद डबीत ओल कोंडते, पाते गंजते. डब्यावर नाव हवेच.

जुनी पाती मात्र केराच्या बादलीत नकोत. त्यांच्यासाठी झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा ठेवावा; बादलीत हात घालावा लागतो तो झाडणाऱ्या मावशींना.