गर्भाशयातील गाठ : ती कोठे आहे हे आधी पाहावे

स्त्रियांच्या दुखण्यांविषयी आपल्या खेड्यापाड्यांत उघडपणे बोलण्याची रीत नाही. तपासून परत आलेली बाई “पिशवीला गाठ आहे” एवढेच सांगते, आणि ऐकणारे घाबरून दोहोंपैकी एक मार्ग दाखवितात. कोणी म्हणतात, कर्करोग होण्याआधी पिशवीच काढून टाकावी; कोणी म्हणतात, बाईच्या जन्माला हे लागलेलेच आहे, सोसावे. हे दोन्ही सल्ले अज्ञानातून निघतात. ह्याकरिता ही गाठ कशी उत्पन्न होते व गर्भाशयावर तिचा काय परिणाम होतो, ह्याचा आपण क्रमाने विचार करू.

१. गाठ कशाची बनते

गर्भाशय हा उलट्या धरलेल्या पेरूएवढा, आतून पोकळ असा अवयव आहे. त्याच्या भिंतीस तीन थर असतात : बाहेरचा पातळ पापुद्रा, मधला जाड स्नायूंचा थर, आणि दरमहा गळून पडणारे आतले मऊ अस्तर. प्रसूतीच्या वेळी मूल बाहेर लोटण्याचे काम मधला थर करितो. फायब्रॉइड नावाची गाठ ह्याच थरात जन्मते, हे जर्मन वैद्य रूडोल्फ फिरखो ह्यांनी इ.स. १८५४ साली दाखवून दिले. स्नायूची एखादी पेशी मर्यादा सोडून वाढू लागते, एकीच्या दोन व दोहोंच्या चार होतात, आणि त्यांच्याभोवती चिवट तंतूंचे जाळे साचते. म्हणूनच ही गाठ हातास गोल व टणक लागते.

इ.स. २०११ साली फिनलंड देशातील हेल्सिंकी येथील संशोधकांस असे आढळले की, शंभरांपैकी सुमारे सत्तर गाठींच्या पेशींत एकाच विशिष्ट जनुकात बदल झालेला असतो. हा बदल पेशीच्या आत घडतो. कोणाची दृष्ट, कोणाचा शाप किंवा त्या बाईचे आचरण ह्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तेव्हा गाठ झालेल्या स्त्रीस दोष देणे हा उघड अन्याय होय.

२. ती कशी वाढते

स्त्रीच्या बीजांडकोषांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन असे दोन रस तयार होतात. गाठीचे पोषण ह्या रसांवर होते. म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वी ती होत नाही, तिशी-चाळिशीत अधिक आढळते, आणि पाळी कायमची गेल्यावर बहुधा आक्रसते. आई किंवा बहिणीस अशी गाठ असल्यास संभव वाढतो. गाठ एक असेल किंवा अनेक; ज्वारीच्या दाण्याएवढी असेल किंवा नारळाहून मोठी.

अमेरिकेतील पाहणीत असे दिसले की, पन्नाशीपर्यंत दहांपैकी सातांहून अधिक स्त्रियांस अशा गाठी झालेल्या असतात. पुष्कळ जणींस त्यांचा काही त्रास नसल्यामुळे त्या आहेत हे कळतही नाही. ह्या गाठी कर्करोगाच्या नव्हेत, व त्यांत कर्करोग निघणे अत्यंत विरळ आहे.

३. जागेप्रमाणे त्रास

गाठीच्या आकाराइतकीच, किंबहुना अधिक, तिची जागा महत्त्वाची असते. घराच्या भिंतीचे उदाहरण घ्या. भिंतीला बाहेरून फुगवटा आला तर अंगणाची वाट अडते; भिंतीच्या पोटात आला तर भिंत जाड होते; आतल्या बाजूस आला तर घरात राहणेच कठीण होते.

त्याचप्रमाणे बाहेरच्या बाजूची गाठ मोठी झाली म्हणजे मूत्राशयावर दाब येऊन वारंवार लघवीस जावे लागते. मागे दाब पडला तर मलावरोध होतो व कंबर दुखते. भिंतीच्या पोटातील गाठीने गर्भाशय मोठे होऊन ओटीपोट जड वाटते व पाळीत दुखते. आतल्या अस्तराकडे वाढणारी गाठ मात्र बोराएवढी असली तरी फार रक्त घालविते, कारण तिच्यामुळे अस्तर ताणले जाते आणि स्राव थांबविण्याकरिता स्नायूंनी जसे आवळावे तसे ते आवळत नाहीत. अशा गाठीमुळे कधी गर्भ राहत नाही, तर कधी राहिलेला गर्भ पडतो.

दरमहा असे रक्त गेल्याने बाई पांढरी पडते, चढण चढताना तिला धाप लागते, हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे तिला आळशी म्हणतात; खरे पाहता तो रक्तक्षय असतो. रक्तातील हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय झाला असे समजावे.

४. उपाय कोणता

पाळी सात दिवसांहून अधिक चालली, रक्ताच्या गाठी पडू लागल्या, किंवा तासा-दोन तासांनी कापड बदलावे लागले, तर सरकारी रुग्णालयात जाऊन रक्त व सोनोग्राफी अशा दोन्ही तपासण्या कराव्यात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसल्यास तर मुळीच विलंब करू नये.

त्रास नसेल तर गाठीवर केवळ नजर ठेवणे पुरते. रक्त फार जात असेल तर स्राव कमी करणारी औषधे व लोहाच्या गोळ्या देतात, किंवा औषधयुक्त तांबी बसवितात. तेवढ्याने भागले नाही तर पिशवी राखून केवळ गाठ काढता येते. काही मोठ्या रुग्णालयांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती आक्रसविण्याचीही सोय आहे. पिशवी काढणे हा शेवटचा उपाय होय. काहींस तो खरोखर आवश्यक असतो.

घाईचे फळ काय होते हे बीड जिल्ह्याने दाखविले आहे. इ.स. २०१९ साली तेथे ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. सर्वांचे कारण गाठ नव्हते. परंतु कर्करोगाचे भय घातले गेल्याचे अनेकींनी सांगितले. तरुण वयात पिशवीबरोबर बीजांडकोषही काढले तर अकाली हाडे ठिसूळ होतात. हे त्यांस आधी कोण समजावून सांगणार होते?

म्हणून शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी नवरा-बायकोने मिळून डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्यात : गाठ कोणत्या जागी आहे? पिशवी राखून उपाय होईल काय? बीजांडकोष ठेवणार की काढणार? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

उजळणीचे प्रश्न

(१) ही गाठ गर्भाशयाच्या कोणत्या थरात जन्मते?
(२) लहान गाठीनेही फार रक्त जाते, ते का?
(३) आपल्या गावात धाप लागणारी, पांढरी पडलेली बहीण कोण आहे, व ह्या आठवड्यात तिच्याबरोबर रुग्णालयात कोण जाईल?