जुनी मोटार जोरात कशी पळेल?

(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनीही सोबत बसून वाचावा.)

मुलांनो, न्यूझीलंडमध्ये 16 वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना काढता येतो. मग पुष्कळ घरांत आईबाबांची जुनी गाडी मुलांच्या हाती येते आणि लगेच प्रश्न निघतो : हिला आणखी जोरात पळवता येईल का?

हा नाद नवा नाही. आपल्या अप्पर हटमध्ये, ट्रेंटमला, 1967 ते 1990 या काळात जनरल मोटर्सचा कारखाना होता. तेथे होल्डन गाड्यांची जोडणी होई. त्याच काळात मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, बाहेर पडत असे. तिचे इंजिन 1089 सीसीचे आणि ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. तरीही हौशी लोक तिच्यात फेरफार करून मद्रासजवळ शोलावरमच्या शर्यतींत उतरत.

पिकअप की टॉप स्पीड?

‘जोरात’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाडी किती लवकर वेग घेते तो पिकअप, आणि जास्तीत जास्त किती वेगाने धावते तो टॉप स्पीड. टॉप स्पीड वाढवणे फार महाग पडते, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. तो 10 टक्क्यांनी वाढवायचा तर इंजिनाची ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढवावी लागते! शिवाय येथे बहुतेक महामार्गांवर मर्यादा ताशी 100 किलोमीटरची आहे. म्हणून आपल्याला हवा तो पिकअप.

पहिली पायरी : गेलेली ताकद परत आणा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जुनी गाडी ओढत नसेल, तर आधी कारण शोधू या. इंजिनाला 1 किलो पेट्रोल जाळायला सुमारे 15 किलो हवा लागते. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर इंजिनाचा श्वासच कोंडतो. प्लग झिजले असतील, ठिणगी वेळेवर पडत नसेल, टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ब्रेक चाकाला घासत असेल, तरी जोर वाया जातो. 91 चे पेट्रोल पुरणाऱ्या साध्या गाडीत 95 चे भरून मात्र ताकद वाढत नाही. ‘95’ चा अर्थ ते पेट्रोल अवेळी पेटत नाही एवढाच.

दुसरी पायरी : ओझे उतरवा

गाडी 1200 किलोची आणि डिकीत 60 किलो अडगळ, म्हणजे 5 टक्के जास्त ओझे. ते काढले की पिकअप जवळजवळ तेवढाच सुधारतो, आणि खर्च शून्य. स्टेपनी मात्र काढू नका!

तिसरी पायरी : आधी थांबता आले पाहिजे

हा पाठाचा गाभा आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग 100 वरून 120 वर गेला तर ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. रेमुताका घाटाचा माथा 555 मीटरवर आहे. तेथून उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात हवेतील पाणी शोषलेले असते. ते उकळते, पेडल मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवावा. इंजिनावर एक डॉलर खर्च करण्यापूर्वी टायर, ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर नीट करून घ्यावेत, असे आम्ही मुलांना आणि पालकांनाही सांगतो.

चौथी पायरी : मग इंजिन

टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. पण त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो, आणि झिजलेले इंजिन ते सोसत नाही. टर्बो बसवणे, जास्त ताकदीचे इंजिन घालणे अशा मोठ्या बदलांसाठी येथे लो व्हॉल्यूम व्हेइकलचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर वॉरंट ऑफ फिटनेस मिळत नाही. विमा कंपनीलाही आधी कळवावे लागते, नाहीतर अपघातानंतर भरपाई नाकारली जाऊ शकते. तेव्हा गुपचूप काही करू नका, घरी विचारा.

महाराष्ट्रातील घाटांत ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी पालकांनी पाहिली असेल. ती रेमुताकालाही लागू आहे.

नवे शब्द
अश्वशक्ती – हॉर्सपॉवर
गतिज ऊर्जा – धावणाऱ्या वस्तूत गतीमुळे असलेली ऊर्जा
डिकी – गाडीची मागची सामानाची जागा. येथे तिला ‘बूट’ म्हणतात
स्टेपनी – जादा चाक

स्वाध्याय
1. पिकअप आणि टॉप स्पीड यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
2. वेग 60 वरून 90 वर गेला तर गतिज ऊर्जा किती पट होईल?
3. आजीआजोबांना फोन करून त्यांच्या पहिल्या गाडीविषयी विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.