आधी परमिट, मग जहाज

परदेशातून कच्चं कातडं मागवणारा मराठी उद्योजक भेटला की भावाच्या आधी मी विचारतो, परमिट हातात आलं का? चेन्नईत कस्टमची कागदपत्रं हाताळताना कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याचा कंटेनर अडकलेला पाहिला, तेव्हापासून हा प्रश्न तोंडी बसला.

खारवलेली मेंढीची कातडी आंबूरच्या टॅनरीत जायची होती. सॅनिटरी इम्पोर्ट परमिटसाठी दिल्लीच्या पशुसंवर्धन खात्याकडे अर्ज गेला होता. तेवढ्यावरच परदेशी पुरवठादाराने कुणालाही न विचारता माल जहाजावर चढवला. पुढे परमिट आलं, पण बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची तारीख त्याच्या आधीची. पल्लीकरणैच्या पशु संगरोध केंद्रात या दोन तारखा ताडून पाहतात. परमिटाआधी निघालेला माल परत जातो, नाहीतर नष्ट होतो. हा परत गेला. तोवर सीएफएसचं, म्हणजे कंटेनर ठेवलेल्या गोदामाचं भाडं चढत राहिलं, कंटेनरखाली खारं पाणी ठिबकत राहिलं, आणि फोनवर तो भला माणूस बोलता बोलता गप्प होई.

"साहेब, काही सूट मिळेल का?" तो विचारायचा. जीव तुटायचा, तरी सूट मिळू नये असंच मला वाटतं, कारण मालासोबत रोगही येऊ शकतो. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी ही गुरांची साथ पसरली. त्या हादऱ्यातून १९२४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय पशुरोग संघटना उभी राहिली. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली. लाळ्या-खुरकूत मात्र आपल्या गोठ्यांत आजही आहे, आणि फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू कातड्यात वर्षानुवर्षं टिकतात. दावणीच्या एका म्हशीवर घर चालवणाऱ्याला सूट परवडणारी नाही.

म्हणून पुरवठादाराला लेखी कळवा: परमिटची प्रत मिळाल्याशिवाय कंटेनर भरायचा नाही. एलसीवर, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर व्यवहार असेल तर ही अट त्यातच घाला, म्हणजे बँकही कागद पाहील. माल परमिटवर लिहिलेल्या बंदरातच उतरवा. पुरवठादाराच्या देशातल्या सरकारी पशुवैद्याच्या आरोग्य दाखल्याचा मसुदा माल भरण्याआधी ईमेलने मागवा आणि परमिटच्या अटींशी शब्दन् शब्द जुळवा: प्राणी कोणता, मूळ देश कोणता, कातड्यावर प्रक्रिया कोणती. कंटेनर आणि सीलचा नंबर नंतर पडतो, तोही मूळ दाखला कुरिअरने निघण्याआधी तपासा.

निर्यातीतही हीच काळजी घ्या: प्रत्येक देशाच्या आरोग्य दाखल्याचा नमुना वेगळा असतो. तो खरेदीदाराकडून ऑर्डरसोबतच मागून घ्या. जहाज सुटल्यावर तपासणी करायला माल हाताशी नसतो.