फेसाळ पाणी आणि पांढरा पट्टा

प्रश्न : आंबोलीच्या धबधब्याचे छायाचित्र घेताना पाण्याच्या जागी निव्वळ पांढरा पट्टा उमटतो. उपाय सांगावा.

उत्तर : श्रावणातल्या उघडिपीचे प्रखर ऊन धारेवर पडले, की शुभ्र फेस आणि काळा कातळ यांच्या तेजातील तफावत कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणून आपण आकाश मेघाच्छादित असतानाच, ट्रायपॉड पक्का रोवून, आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवून, प्रथम अर्ध्या सेकंदाचे छायाचित्र घ्यावे, आणि फेसातले धागे तरीही पुसले जात असतील, तर अवधी १/८ सेकंदापर्यंत उतरवावा. कित्येक सेकंदांच्या अवधीने येणारे दुधी, धूसर पाणी मला तरी निर्जीव वाटते. पोलरायझर भिंगापुढे सावकाश फिरवल्यास ओल्या कातळावरची चकाकी मावळून शेवाळाचा खरा हिरवा रंग प्रकटतो. तुषारांची तजवीज म्हणून कोरडे, मऊ फडके मात्र खिशात अवश्य असावे.