अपमान कोणता, हे माँट्रेसॉर का सांगत नाही?

प्रश्न : एडगर ॲलन पो यांच्या ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ या कथेचा निवेदक माँट्रेसॉर आपल्या मित्राला, फॉर्च्युनॅटोला, तळघरात जिवंत चिणतो. पण फॉर्च्युनॅटोने नेमका काय अपमान केला, ते शेवटपर्यंत कळत नाही. मग खुनाचं कारण काय समजायचं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : चिखलदऱ्याची आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेलच. भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत टाकलं, असं सांगतात. त्याला का मारलं, हे कुणाला विचारावं लागत नाही. कीचकाने द्रौपदीला विराटाच्या भरसभेत लाथ मारली होती. १८४६ साली छापून आलेल्या पोंच्या कथेत मात्र अपमान झाला असं म्हणणारा एकटा खुनीच आहे. म्हणून त्याचं बोलणं आरोपीच्या जबानीसारखं तपासावं लागतं.

तळघरातल्या वाटेवर त्याच्या तोंडून बरंच निसटतं. तो फॉर्च्युनॅटोला म्हणतो की तू श्रीमंत आहेस, लोकांना हवाहवासा आहेस, सुखी आहेस, जसा कधीकाळी मी होतो. आपल्या घराण्याबद्दल तो बोलतो तेही भूतकाळात. फॉर्च्युनॅटोला तर त्या घराण्याचं मानचिन्हसुद्धा आठवत नाही. टाचेला डसलेल्या सापाला चिरडणारं पाऊल, असं ते चिन्ह. माँट्रेसॉर स्वतःला ते पाऊल समजतो. पण दबा धरून डसणारा तोच आहे.

माझ्या मते खुनाचं खरं कारण इथे आहे. गेलेलं वैभव आणि दुसऱ्याचं सुख त्याला सहन होत नाही. अपमानाचं नाव घेतलं, तर तो किती क्षुल्लक होता हे उघडं पडेल, म्हणून तो गप्प राहतो.

सूडाच्या दोन अटी त्याने स्वतःच घातल्या आहेत : आपल्याला शिक्षा होऊ नये, आणि सूड कोण घेतंय हे समोरच्याला कळावं. मारणारा कोण, हे फॉर्च्युनॅटोला कळतं. कशासाठी, हे माँट्रेसॉर त्याला एका शब्दानेही सांगत नाही. भिंत पुरी होताना माँट्रेसॉरचा जीव कासावीस होतो, तेव्हा तो दोष तळघरातल्या ओलीला देतो. कायद्याची शिक्षा चुकली खरी. पण सूडाने मन निवलं असतं, तर ५० वर्षांनंतर इतक्या बारकाव्यांनिशी ही हकिगत कुणाला ऐकवण्याची गरज त्याला पडली नसती.