ताइफचा गुलाब : डोंगरातला बहर आणि तोळ्याचा हिशेब

अत्तर ही वस्तू आपल्या समाजात घरोघरी आहे. जुम्याला, ईदला, निकाहला तिचा वापर होतो. हज-उमऱ्याहून परतणारे लोक जमजम आणि खजुरांबरोबर अत्तराची कुपीही आणतात. अल्कोहोल नसलेला सुगंध म्हणून नमाजी लोक तिला पसंती देतात, आणि म्हणूनच आपल्यातील शेकडो छोटे दुकानदार, फेरीवाले ह्या धंद्यावर रोजी कमावतात. पण हा माल कसा घडतो आणि त्याचा भाव कशावरून ठरतो, हे समजून घेणारे थोडे आहेत.

आम्ही कापडाचे व्यापारी. कापडात धागा ओळखता आला नाही तर व्यापारी बुडतो. पॉलिएस्टरला रेशीम म्हणून विकणारा एकदाच विकतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक त्याच्या पायरीवर चढत नाही. अत्तराचाही कायदा हाच आहे. ह्या लेखात आपण एकच माल घेऊ, ताइफचा गुलाब, आणि त्यावरून तिजारतीचा धडा पाहू.

डोंगर, थंडी आणि चाळीस दिवस

ताइफ हे शहर मक्केच्या पूर्वेला, हिजाजच्या सरवात डोंगरात आहे. उंची सुमारे १८०० मीटर. आपले महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, म्हणजे ताइफ त्याहून बरेच उंच. शहराजवळचे हदा आणि शफा हे भाग आणखी वर आहेत. खाली मक्केत आग ओकणारे ऊन असते, तेव्हा वर हवा गार असते. द्राक्षे, डाळिंब, अंजीर आणि मध ह्यांसाठीही हा मुलूख पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

येथील गुलाब दमास्क जातीचा आहे. अंगाने लहान, रंगाने गुलाबी, पाकळ्या दाट. त्याला तेथे 'वर्द ताइफी' म्हणतात. हे रोप मुळात कोठून आले ह्यावर एकमत नाही. कोणी शामचे नाव घेतात, कोणी इराणचे, कोणी तुर्कांनी बाल्कनातून आणले असे सांगतात. १८१४ साली बर्कहार्ट हा स्विस प्रवासी ताइफला गेला होता. तेथील बागांच्या गुलाबाला सगळ्या हिजाजात मागणी असल्याची नोंद त्याने केली आहे. म्हणजे हा धंदा निदान दोनशे वर्षांचा आहे.

हिवाळ्यात झाडांची छाटणी होते. मार्चच्या सुमारास कळ्या उमलू लागतात आणि एप्रिलअखेर बहर संपतो. सगळा हंगाम चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा. वर्षभराची कमाई ह्याच दिवसांत करायची असते. फूल पहाटे, सूर्य वर येण्याआधी तोडतात. कारण सरळ आहे. सुगंधी तेल हे उडणारे द्रव्य आहे, ऊन चढले की ते पाकळीतून हवेत जाते. सकाळी उशिरा तोडलेल्या फुलाचे वजन भरते, पण त्यात तेल कमी असते. वजनावर माल घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. भरलेले वजन म्हणजे भरलेला माल नव्हे.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ताइफच्या गुलाबाशी निगडित रीतीरिवाजांना आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. काबागृहाच्या धुलाईत जमजमच्या पाण्यात जे सुगंध मिसळतात त्यातही ताइफच्या गुलाबाला मान आहे.

तेल निघते कसे?

तोडलेली फुले त्याच दिवशी भट्टीवर जातात. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण पक्के बंद करतात आणि खालून आच देतात. वाफ नळीवाटे बाहेर पडते. ही नळी थंड पाण्याच्या टाकीतून जाते, तेथे वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते काचेच्या अरुंद मानेच्या भांड्यात गोळा होते. गुलाबाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे मानेत वर तरंगते. तो पातळ थर सावकाश पिचकारीने ओढून घेतात. खाली राहते ते गुलाबपाणी.

गुलाबपाण्याला इतका वास कसा, असा प्रश्न पडतो. गुलाबातील फिनाइल इथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचा मोठा भाग पाण्यातच राहतो. नावात अल्कोहोल असले तरी ते पिण्याची दारू नव्हे, हे रसायनशास्त्रातील एका वर्गाचे नाव आहे. तेलात मुख्यतः सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही द्रव्ये असतात. शिवाय डॅमासिनोनसारखी काही द्रव्ये एक टक्क्याहूनही कमी असून वासाला खरा गुलाबपणा देतात. ह्यामुळेच कारखान्यात दोन-तीन द्रव्ये मिसळून केलेला गुलाब पहिल्या क्षणी बरा वाटतो, पण घटकाभरात सपाट होतो.

आपल्याकडे कन्नौजची रीत थोडी वेगळी आहे. तेथे देगेतील वाफ चोंग्यातून भपक्यात उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाचा सुगंध चंदनात मुरतो, ते अत्तर. चंदनाशिवाय काढलेले शुद्ध गुलाबतेल म्हणजे रूह गुलाब. चंदन महाग झाले तसे अनेकांनी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरायला सुरुवात केली. माल स्वस्त झाला, नाव मात्र जुनेच राहिले.

तोळा म्हणजे किती?

अरबांच्या अत्तरबाजारात माप चालते ते तोळ्याचे. हा आपल्या हिंदुस्थानचा शब्द. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता सराफ कट्ट्यावर १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आणि अत्तरवाल्याची तोळ्याची कुपी बहुधा १२ मिलिलिटरची असते. एकच शब्द, मापे तीन.

आता गंमत पाहा. चंदनाचे तेल जवळजवळ पाण्याइतके जड असते. १२ मिलिलिटर चंदनी अत्तर साधारण ११.७ ग्रॅम भरते, म्हणजे जुना तोळा बरोबर जुळतो. पण शुद्ध गुलाबतेल हलके. त्याचे १ मिलिलिटर सुमारे ०.८५ ते ०.८६ ग्रॅम भरते. १२ मिलिलिटरच्या कुपीत ते सव्वादहा ग्रॅमच मावते. वजनाचा पूर्ण तोळा हवा असेल तर साडेतेरा मिलिलिटरहून थोडे जास्त तेल लागेल. सुमारे बारा टक्क्यांचा फरक पडला!

एका तोळ्याला ताइफची साधारण १२ हजार फुले लागतात असे सांगतात. त्या हिशेबाने कुपीमागे चौदाशे फुलांचा फरक पडतो. म्हणून महाग तेल घेताना सौदा ग्रॅममध्ये करावा, मिलिलिटरमध्ये नव्हे. आणि विकताना कुपीवर जे लिहिले तेच आत असावे.

हाच आकडा दुसऱ्या कामालाही येतो. समजा, एक फूल फक्त पन्नास पैशांना पडले. हा भाव आम्ही केवळ हिशेबासाठी धरला आहे. तरी १२ हजार फुलांचे ६ हजार रुपये झाले. तोडणारा, भट्टी, इंधन, भाडे, जकात-कर आणि व्यापाऱ्याचा मुनाफा अजून बाकी आहे. मग बाजारात 'असली ताइफ गुलाब' दोनशे-तीनशे रुपये तोळा कसा मिळतो? उत्तर वाचकांनीच द्यावे.

खानदेशचे गवत आणि परक्याचे नाव

आता आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्ट. ती अत्तराच्या इतिहासात नोंदली गेली आहे, पण आपल्याच लोकांना ठाऊक नाही.

खानदेशात, सातपुड्याच्या अंगाला रोशा नावाचे गवत उगवते. त्याचे मोतिया आणि सोफिया असे दोन भेद आहेत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असते, तेच जिरॅनिऑल जे गुलाबात असते. त्यामुळे ह्या तेलाला गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, तळोदा, पिंपळनेर ह्या भागात हे तेल काढण्याचा मोठा धंदा होता आणि तो बहुतेक मुसलमान कारागिरांच्या हातात होता. पावसाळा सरला की ते भिल्लांकडून गवत विकत घेत, ओढ्याकाठी भट्ट्या लावीत आणि तेल काढून मुंबईला पाठवीत.

मुंबईहून ते तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांमार्गे कॉन्स्टॅन्टिनोपलला जाई. तेथून बल्गेरियाच्या गुलाबाच्या खोऱ्यात. कशासाठी? गुलाबतेलात भेसळ करण्यासाठी! तुर्कस्थानमार्गे गेल्यामुळे युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियम' असे नाव पडले. खानदेशचे नाव कोठेच नाही.

ह्या सौद्यात कोणी काय कमावले ते पाहा. भेसळ करणाऱ्याने स्वस्त तेल गुलाबाच्या भावात विकून मधला मुनाफा घेतला. बल्गेरियाच्या खऱ्या शेतकऱ्याच्या मालावर संशय आला. खानदेशचा कारागीर चांगला माल काढूनही बिननावाचा राहिला. त्याच्या तेलाला किंमत होती ती दुसऱ्याच्या कुपीत लपण्यापुरती. आज तेच तेल 'पामारोझा' ह्या स्वतःच्या नावाने साबण आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी उघडपणे विकले जाते. माल बदलला नाही. त्याला स्वतःचे नाव मिळाले, एवढाच फरक.

आमच्या मते ह्या लेखाचा सारा मतलब येथे आहे. रोशाचे तेल वाईट नाही. पॉलिएस्टरही वाईट कापड नाही, गरिबाच्या अंगावर तेच टिकते. वाईट आहे ते एकाला दुसऱ्याचे नाव लावणे. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतली ओल बोटांना लागली, ती हदीस आपण सर्व जाणतो. ओले धान्य फेकून द्या असे तेथे सांगितले नव्हते. ते वर ठेवा, गिऱ्हाइकाला दिसू द्या, एवढेच सांगितले होते.

माल पारखावा कसा?

घरच्या घरी काही परीक्षा करता येतात, पण एकीवर विसंबू नये.

१) थंडीची परीक्षा : शुद्ध गुलाबतेलात नैसर्गिक मेण असते. साधारण २० अंशांखाली गेल्यावर त्यात सुयांसारखे स्फटिक दिसतात आणि हाताच्या उबेने पुन्हा वितळतात. पण लबाड लोक वरून मेणही घालतात, म्हणून हा पुरावा अर्धाच.

२) कागदाची परीक्षा : टीपकागदावर थेंब टाकून ठेवावा. पॅराफिन किंवा खाद्यतेल असेल तर तेलकट डाग कायम राहतो. चंदनी अत्तराचा डागही बराच वेळ राहतो, हे विसरू नये.

३) वेळेची परीक्षा : वास लगेच, मग अर्ध्या तासाने, मग चार तासांनी घ्यावा. खरा सुगंध पायरीपायरीने बदलतो. बनावट एकसुरी राहतो किंवा एकदम मरतो.

४) प्रयोगशाळा : मोठा सौदा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्यावी. कन्नौजला १९९१ मध्ये सुरू झालेले सरकारी सुगंध व सुरस विकास केंद्र ह्याच क्षेत्रात काम करते. तपासणीचा खर्च हा फुकट गेलेला पैसा समजू नये.

दुकानदारांसाठी चार गोष्टी

पहिली, माल तीन फळ्यांवर वेगवेगळा ठेवा : शुद्ध तेल, चंदनावरचे अत्तर आणि मिश्र किंवा कृत्रिम सुगंध. प्रत्येकाचा भाव वेगळा, पाटी वेगळी. गिऱ्हाईक स्वस्त मालही घेते, पण ते काय घेत आहे हे त्याला कळू द्या.

दुसरी, पॅकबंद कुपीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ माप आणि कमाल किंमत छापणे २०११ च्या वजनमाप नियमांनुसार सक्तीचे आहे. 'तोळा' लिहून भागत नाही. ग्रॅम किंवा मिलिलिटर लिहा.

तिसरी, शुद्ध तेल कमी प्रमाणात घ्या. उष्णता, उजेड आणि हवा हे त्याचे दुश्मन आहेत. काचेची गडद कुपी, घट्ट बूच आणि गार जागा हवी.

चौथी, परक्या नावाच्या मागे धावू नका. मावळात हरितगृहांतून लाखो गुलाब निघतात, पण ते फुलदाणीचे गुलाब, त्यांना वास जवळजवळ नसतो. त्यांच्यापासून अत्तर होणार नाही. रोशा मात्र आपल्या मातीत आहे. चंदन आणि रोशा ह्यांचे मिश्रण कोणी 'सातपुडा' म्हणून, खऱ्या नावाने आणि वाजवी भावात बाजारात आणले, तर आमच्या अंदाजाने ते चालेल.

मुंबईच्या अत्तरबाजाराकडे पाहून उमेद यावी. आसामच्या होजाईचे हाजी अजमल अली यांनी १९५१ साली मुंबईत सुरू केलेला व्यवसाय पुढे आखाती देशांत पसरला. अरबांच्या मुलखात जाऊन अरबांनाच सुगंध विकणे सोपे नाही. असे नाव एका दिवसात होत नसते, आणि बुडायला एक खोटी कुपी पुरते.

ताइफचा शेतकरी वर्षभर राबतो आणि चाळीस दिवसांत आपला हिस्सा उचलतो. त्याच्या बारा हजार फुलांचे नाव दोनशे रुपयांच्या कुपीवर चिकटवणारा आधी त्याचा हक्क मारतो आणि मग गिऱ्हाइकाचा. आपल्या दुकानात असे होऊ नये, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ. मुनाफा थोडा कमी मिळेल, पण बरकत राहील, इन्शाअल्लाह.